निस्तारपत्रकातला एक शब्द

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या गावाचं निस्तारपत्रक काढून बघावं. गावात कुणाच्याही नावावर नसलेली जमीन कशाकशासाठी राखली आहे, त्याची ही यादी. स्मशान कुठे, खळवाडी कुठे, सकाळी ढोरं गोळा करायचा आखर कुठे, खताचे खड्डे कुठे, बाजार कुठे भरायचा, मेलेल्या जनावराचं कातडं कुठे सोलायचं, सरपण कुठून आणायचं. शेत सोडून माणसाला सरणापर्यंत जे जे लागतं, त्या सगळ्याची जागा ठरलेली. याच यादीत कुठेतरी एक नोंद असते, ‘झुडपी जंगल’. समोर गट क्रमांक, क्षेत्र, आणि उपयोग म्हणून बहुतेक वेळा गुरांची चराई.

या दोन शब्दांवरून राज्य सरकार, केंद्र सरकार, महसूल खातं आणि वन खातं यांच्यात जवळपास पंचेचाळीस वर्षं ओढाताण चालली. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर २२ मे २०२५ रोजी निकाल दिला. गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ज्या कुणाचं घर, शाळा, दुकान किंवा ले-आउटमधला प्लॉट या नोंदीखालच्या जमिनीवर आहे, त्या सगळ्यांचं भवितव्य त्या दिवशी ठरलं.

आधी जमीन बघू. धानाच्या या मुलखात शेतकऱ्याकडे मातीसाठी नेमकी नावं आहेत. कन्हार म्हणजे काळी, ओल धरणारी. मोरंड तिच्या खालोखाल. सिहार रेताड, पण बांधी बांधून पाणी अडवलं की धान देणारी. खरडी हलकी. सगळ्यात शेवटी बर्डी, म्हणजे उंचवट्यावरची मुरमाड. बर्डीवर नांगर चालत नाही. तिथे पळस, बोर आणि काटेरी झुडपं उगवतात. पावसाळ्यात दोन-तीन महिने गवत होतं, आणि बांध्यांमध्ये धान उभं असल्यानं गावची सगळी ढोरं तेव्हा इथेच चरतात. पाऊस या उतारावरून वाहत खालच्या बोडीत किंवा तलावात जातो. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांचा हा प्रदेश आहे, नवेगावबांध त्यांतला सगळ्यांत नावाजलेला. तलावाच्या वरच्या अंगाला मोकळं रान का ठेवायचं, हे तलाव बांधणाऱ्याला कुणी शिकवावं लागलं नसेल.

झुडपी जंगल पूर्व विदर्भातच का, वऱ्हाडात का नाही, याचं उत्तर महसुलाच्या इतिहासात आहे. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची रयतवारी होती. शेतकऱ्याचा सरकारशी थेट व्यवहार. इकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी गावोगावच्या मालगुजारांना मालकी हक्क दिले. भोसल्यांच्या काळात जो सारा गोळा करून देणारा होता, तो गावाचा मालक झाला. रान त्याचं, तलाव त्याचा, पडीक त्याची. पण गावानं जळण कुठून आणायचं, नांगराला लाकूड कुठून घ्यायचं, ढोरं कुठे चारायची, हे वहिवाटीचे हक्क इंग्रजांनी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात लिहून ठेवले. त्या हक्कांना निस्तार म्हणत. मालकी मालगुजाराची, निस्तार गावाचा. ही जोडगोळी ऐंशी-नव्वद वर्षं कुरकुरत का होईना, चालली.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारनं मालकी हक्क संपवण्याचा १९५० चा कायदा केला. तो ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. त्या वेळी भंडारा जिल्हा, आणि त्याच्या पोटात असलेला आजचा गोंदिया, मध्य प्रदेशात होता. मालगुजारांची रानं, तलाव, पडीक असं सगळं सरकारजमा झालं. जमीनदार अर्थातच कोर्टात गेले. चांदा जिल्ह्यातल्या अहेरीच्या जमीनदारांनी विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. मे १९५२ मध्ये तो निकाली निघाला आणि कायदा टिकला. या भागातल्या पडीक जमिनीवरून दिल्लीपर्यंत गेलेली ही बहुधा पहिली मोठी लढाई.

निकालाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बरंच लाकूड विकलं गेलं होतं. मालगुजारी जाणार हे दिसू लागताच अनेकांनी आपापली रानं तोडून घेतली. पुढे ज्याला झुडपी म्हटलं गेलं त्यातलं किती मुळातच बर्डी होतं आणि किती या घाईघाईच्या तोडीनंतर उरलेले बुंधे होते, हे आता कुणी वेगळं करून सांगू शकणार नाही. न्यायालयात पुढे ‘ही जमीन झाडं वाढण्याच्या लायकीचीच नाही’ असा युक्तिवाद झाला, तेव्हा मला या बुंध्यांची आठवण झाली.

सरकारजमा झालेल्या रानांतलं दाट जंगल वन खात्याकडे गेलं. उरलेलं महसूल खात्याकडे राहिलं, आणि १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेप्रमाणे गावागावाची निस्तारपत्रकं तयार झाली. जुन्या वाजिब-उल-अर्जातले हक्क आता सरकारी जमिनीवर मांडले गेले. या उरलेल्या रानाला नाव काय द्यायचं? झुडपं होती, म्हणून झुडपी जंगल. जमीन कशी दिसते, याचा तो शेरा होता. ‘जंगल’ हा शब्द तिथे बोलीतल्या अर्थानं आला. गावाबाहेर जिथे शेत नाही ते जंगल, आणि सकाळी लोटा घेऊन जायचं तेही जंगलच. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही कायम ठेवले. शेराही जसाच्या तसा राहिला.

नंतरची तीसेक वर्षं ही जमीन म्हणजे सरकारच्या हाताशी असलेली मोकळी जागा होती. गावाला शाळा हवी, दवाखाना हवा, ग्रामपंचायतीला इमारत हवी, भूमिहीनाला पट्टा हवा, घरकुलाला जागा हवी, तर देण्यासारखी जमीन हीच. वाटपाची पद्धतही ठरून गेलेली. गावानं ठराव करायचा, पटवाऱ्यानं पंचनामा करायचा, तहसीलदाराकडून प्रकरण वर जायचं आणि जिल्हाधिकाऱ्याचा आदेश निघायचा. शहराच्या कडेला असेल तर पुढे मोजणी, तुकडे पाडणं, अकृषक परवाना, रस्ते आखलेला नकाशा, ग्रामपंचायतीचं ना-हरकत. एकेक कागद दुसऱ्यावर चढत जायचा आणि दहा वर्षांनी प्लॉट घेणाऱ्यासमोर शिक्क्यांची जाडजूड फाइल यायची. जमिनीचा मूळ वर्ग बदलून घ्यायचं मात्र बहुतेक कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुकडे पाडणाऱ्यानं, त्याला मंजुरी देणाऱ्यानं आणि तुकडा विकत घेणाऱ्यानं वरचेच कागद पाहिले. तळाच्या निस्तारपत्रकात तोच शब्द बसलेला होता.

यातून नागपूरसारखं शहरही सुटलं नाही. महसुली नोंदीप्रमाणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची इमारत, जुनं सचिवालय, केंद्र सरकारची आणि संरक्षण खात्याची बांधकामं अशा कित्येक वास्तू झुडपी जंगलावर उभ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच हे नमूद आहे. ज्या इमारतीत बसून न्यायमूर्ती वनजमिनीवरच्या अतिक्रमणाच्या याचिका ऐकत, ती स्वतःच नोंदीप्रमाणे जंगलात.

२५ ऑक्टोबर १९८० ला वन संवर्धन कायदा आला. वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी हवी, असा त्याचा गाभा. झुडपी जंगल हे वन आहे की नाही? महसूल खातं म्हणे, ही आमची पडीक आहे. वन खातं म्हणे, नोंदीत जंगल लिहिलंय ना? मग धरण, रस्ता, विजेची लाइन, काहीही काढलं की फाइल अडायला लागली. विदर्भाच्या अनुशेषाच्या भाषणांत झुडपी जंगल हा हुकमी मुद्दा झाला. राज्य सरकारनं वर्गवारी केली. एकूण झुडपी सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर. त्यातलं ९२ हजारांच्या आसपास वन म्हणून सांभाळण्याजोगं आणि उरलेलं ८६,४०९ हेक्टर वन खात्याच्या कामाचं नाही, असा हिशोब. हा ८६,४०९ चा आकडा पुढे प्रत्येक टिपणीत आणि प्रत्येक अर्जात फिरत राहिला. गडचिरोलीचे डोंगर आणि गोंदियातले दोन-दोन एकरांचे तुकडे, सगळे एकाच बेरजेत.

मग १२ डिसेंबर १९९६. तमिळनाडूतल्या गुडलूरकडच्या जंगलतोडीवरून टी. एन. गोदावर्मन थिरुमलपाड यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावरचा त्या दिवसाचा आदेश देशभरच्या जमिनीला लागू झाला. वन म्हणजे काय, तर शब्दकोशातल्या अर्थानं जे वन ते वन, आणि त्याशिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून जे जे नोंदलेलं आहे तेही वन, मालकी कुणाचीही असो. पटवाऱ्यानं झुडपं पाहून मारलेला शेरा त्या दिवसापासून कायद्याच्या व्याख्येत जाऊन बसला.

गोंदियाच्या बाबतीत तारखा जरा जुळवून बघाव्यात. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे या आदेशानंतर जवळपास अडीच वर्षांनी. नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालयं, नव्या वसाहती, शहराबाहेर सरकत जाणारे रस्ते आणि रस्त्यांच्या मागे जाणारे प्लॉट. जुन्या जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी बांधकामांची मोठी लाट १९९६ च्या आधी येऊन गेली होती. नव्या जिल्ह्यात झुडपीवर जिथे कुठे काही दिलं गेलं असेल, तिथे ते त्या तारखेच्या पलीकडे पडण्याची शक्यता जास्त. आणि २०२५ च्या निकालात सगळं काही त्या तारखेवर येऊन ठेपतं.

इथे थोडं आडवाटेनं जातो. या रानात ढोरं चारणारी जमात गोवारी. दिवाळीच्या पाडव्याला गोंदिया-भंडाऱ्याकडे गायगोधन होतं, त्यात डफऱ्याच्या तालावर नाचणारे तेच. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं लिहिलेलं. म्हणजे गोंड आणि गोवारी, की गोंडांतले गोवारी? या प्रश्नासाठी नागपूरच्या विधानभवनावर निघालेल्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ साली त्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. चारणाऱ्याचं नाव आणि चरायच्या जागेचं नाव, दोन्ही दुसऱ्या कुणीतरी आपल्या सोयीनं कागदावर लिहिली, आणि दोन्हींचा अर्थ लावायला दिल्लीला जावं लागलं.

झुडपीचं प्रकरण गोदावर्मन खटल्यातच चाललं. राज्य सरकारचं मागणं होतं की ही जमीन वनाच्या व्याख्येतून काढावी. न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीनं प्रत्यक्ष स्थिती पाहून अहवाल दिला. निकाल लिहिला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. सोबत न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह. गवई अमरावतीचे, वकिली आणि न्यायमूर्तीपदाची बरीच वर्षं नागपूरला काढलेली. झुडपी म्हणजे काय हे त्यांना कुणी नकाशा दाखवून समजावण्याची गरज नव्हती. सरन्यायाधीश होऊन त्यांना आठच दिवस झाले होते.

त्याआधी एकच आठवडा, १५ मे रोजी, त्यांच्याच पीठानं पुण्याच्या कोंढवा बुद्रुकमधल्या ११.८९ हेक्टर राखीव वनजमिनीचं प्रकरण निकाली काढलं होतं. शेतीसाठी म्हणून १९९८ साली दिलेली जमीन गृहनिर्माण संस्थेच्या हाती गेली होती. न्यायालयानं वाटप बेकायदा ठरवलं, २००७ ची पर्यावरण मंजुरी रद्द केली आणि राजकारणी, अधिकारी व बिल्डर यांच्या साटेलोट्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. झुडपीच्या निकालात सूर वेगळा आहे. इथे समोर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं होती, शाळा होत्या, स्मशानं होती. त्यांना उठवणं अशक्य, हे न्यायालयानं मान्य केलं. तरीही शब्द सोडला नाही. झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनच आहे, असं ठरलं.

मग सवलत कुणाला? सक्षम अधिकाऱ्यानं १२ डिसेंबर १९९६ पर्यंत ज्या जमिनी दिल्या, त्या वनातून वगळण्यासाठी राज्यानं जिल्हावार एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचा. केंद्रानं त्यासाठी भरपाईचं वनीकरण किंवा जमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य मागायचं नाही. पण एक मोठी अट घातली. जमिनीचा वापर पुढे कधी बदलायचा नाही, आणि ती वारसाहक्कानंच दुसऱ्याकडे जाईल. त्या तारखेनंतरच्या वाटपांसाठी वेगळी वाट आहे. वाटप का केलं याची कारणं आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्यांची यादी राज्यानं द्यायची, आणि त्या अधिकाऱ्यांवर दंडात्मक कारवाईची खात्री झाल्यावरच केंद्रानं प्रस्ताव विचारात घ्यायचा. २५ ऑक्टोबर १९८० नंतर व्यापारी कामासाठी झालेली अतिक्रमणं हटवायला प्रत्येक जिल्ह्यात विशेष कृती दल. त्यात उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक वनसंरक्षक आणि तालुका भूमी अभिलेख निरीक्षक. मुदत दोन वर्षांची.

वारसाहक्काच्या अटीचा अर्थ प्लॉटधारकाच्या बाजूनं लावून बघू. आजोबांना १९७८ साली पट्टा मिळाला. मुलानं त्यावर पक्कं घर बांधलं. नातू पुण्याला नोकरीला. घर वाचलं, कुणी पाडायला येणार नाही. पण नातवाला ते विकता येणार नाही, पुढच्या दोन खोल्या दुकानाला देता येणार नाहीत. विकता न येणाऱ्या घरावर कर्ज देणारी बँक शोधायची ती वेगळीच. अशा जमिनीचे पुन्हा तुकडे पाडून ले-आउट टाकायचं तर दारच बंद झालं, मग ग्रामपंचायतीनं ना-हरकत दिलेलं असो की नगररचना विभागानं नकाशावर सही केलेली असो. मला ही अट कठोर वाटते आणि पटतेही. शहराभोवतालची पडीक ज्या वेगानं प्लॉटांत जात होती, तो बघता दुसरा इलाज दिसत नाही. फक्त तिचा भार पट्टेदाराच्या नातवावर पडतो. चौथ्या हाती प्लॉट विकून गेलेला दलाल आज कुठल्याच यादीत सापडत नाही.

ज्या जमिनी कुणालाच दिल्या नव्हत्या, त्यांचंही ठरलं. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कुठल्याही वनाला लागून नसलेले तुकडे भारतीय वन अधिनियमाच्या कलम २९ खाली संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आणि त्यांवर अतिक्रमण होऊ न देण्याची जबाबदारी उपविभागीय दंडाधिकाऱ्याची. बाकीची जमीन महसूल खात्यानं वर्षभरात वन खात्याच्या ताब्यात द्यायची. दुसरीकडच्या प्रकल्पाची भरपाई म्हणून झुडपीवर झाडं लावायची नाहीत. वनेतर जमीन राज्यात कुठेच उपलब्ध नाही असा दाखला मुख्य सचिवांनी दिला तरच ते करता येईल, आणि तेव्हाही दुप्पट क्षेत्रावर. ही शेवटची अट फार मोलाची आहे. आधीच जंगल असलेल्या जमिनीवर रोपं लावून दुसरं जंगल भरून दिल्याचा हिशोब दाखवणं हा जुना खेळ तिनं थांबवला.

निकालाच्या बातम्यांत ‘विकासाचा मार्ग मोकळा’ आणि ‘पर्यावरणाचा विजय’ असे दोन्ही मथळे मी एकाच दिवशी वाचले. ढोरांची चराई कुठल्याच मथळ्यात नव्हती. एका बाजूला प्लॉट, दुसऱ्या बाजूला जंगल, अशी मांडणी इतकी पक्की झाली आहे की निस्तारपत्रकातल्या उपयोगाच्या रकान्यात काय लिहिलंय, हे कुणी बघत नाही.

ते बघावं लागेल, आणि तेही कायद्यानंच. कलम २९ ची अधिसूचना काढण्याआधी त्या जमिनीवर सरकारचे आणि लोकांचे कोणते हक्क आहेत याची चौकशी होऊन नोंद झालेली असायला हवी, असं त्याच कलमात लिहिलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची यादी करताना तर निस्तार हा शब्द नावानिशी आला आहे. जमीनदारी मुलखात तो कोणत्याही नावानं ओळखला जात असो, असंही तिथे म्हटलंय. देवरीकडे किंवा अर्जुनी मोरगावला दोन हेक्टरांचा एखादा तुकडा संरक्षित वन म्हणून जाहीर करायची वेळ येईल, तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला तहसीलच्या दप्तरखान्यातून तोच जुना कागद मागवावा लागेल. पटवारी तो घेऊन येईल. गट क्रमांक, क्षेत्र, झुडपी जंगल, आणि शेवटच्या रकान्यात, शाई फिकट झाली असली तरी वाचता येईल असं, गुरांची चराई.